सोळावा कागद

अक्काचा राग नाकावर असायचा, हे कार्तिक चौकातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. गवळी म्हणू नका, सब्जीवाली म्हणू नका, नळावर नंबर मोडून घागर घुसवणाऱ्या बायका म्हणू नका, सगळ्यांना ती फैलावर घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ओटल्यावर बसवून बशीभर पोहे खाऊ घालायची. पोहे म्हणजे तिची माफी. तोंडानं माफी मागणं तिला कधी जमलं नाही, आणि मोहल्ल्यानं तशी कधी मागितलीही नाही. पोहे चांगले असायचे.

तिचं खरं नाव अनसूया. दहाव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी शाजापूरहून निरोप आला की नवरा पटकीनं गेला. बाप म्हणाला, आता ही इथंच राहील. धाकट्या भावानं अक्का म्हणून हाक मारली ती कायमची चिकटली. त्या भावाला तिनं वाढवलं. भाऊ आणि भावजय दोघं लवकर गेली, तेव्हा त्यांच्या माधवला वाढवलं. माधवचं लग्न झालं, शोभा आली, मीना झाली, आणि अक्का पुन्हा दुपटी धुवायला बसली. छप्पन वर्षांत तीन पिढ्यांची दुपटी. वर लोक म्हणणार, बाई फार तापट हो! म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी राहून बघायचं होतं.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. पणजोबा शिंद्यांच्या फडणिशीत होते, ही गोष्ट सांगायला चांगली होती, पण तिनं भाडं भागत नव्हतं. माधव सरकारी कचेरीत कारकून. अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर संस्थान मोडून मध्यभारत झालं, तेव्हा कचेरीतले जुने छापील कागद एका दिवसात निकामी झाले. माथ्यावर दरबारचा नागांचा छापा, खाली रकाने, आणि मागची बाजू कोरी करकरीत. साहेब म्हणाले, जाळा. माधवनं दोन पोती घरी आणली. राज्य बुडालं म्हणून कागद का जाळायचा, हे अक्काला पटण्यासारखं होतं. आठ वर्षं त्या कागदांनी घराची फडताळं झाकली, लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधली, आणि उरलेल्या पाठींवर अक्का मीनाला चित्रं काढून द्यायची. हात तिचा लहानपणापासून चालायचा. लग्नघरची भिंत चितारायची असली की मोहल्ल्यातून बोलावणं यायचं. सवाष्णी कुंकवाचे हात उमटवायला पुढे झाल्या की मात्र तिनं आपण होऊन मागे व्हायचं, हे ठरलेलं होतं.

छप्पन सालच्या श्रावणात नऊ वर्षांच्या मीनानं शाळेतून एक हिंदी मासिक आणलं. त्यात पानभर चौकटी होत्या, आणि एकेका चौकटीत गोष्ट पुढे सरकत होती. अक्कानं चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, अगं, ही तर कागदावरची संजा! यात नवल ते काय?

माळव्यात राहून संजा ठाऊक नाही असं घर नाही. पितृपक्षात कुमारिका पोरी भिंतीवर गोबरानं चित्र मांडतात. पहिल्या दिवशी पाट, मग बिजोरं, मग चौपट, मग म्हातारा-म्हातारी, रोज नवं, फुलांच्या पाकळ्यांनी सजवलेलं. शेवटी मोठा किल्ला. कालचं चित्र उतरवून टोपलीत जपायचं, आणि सर्वपित्री अमावस्येला सगळी संजा शिप्रा नदीत सोडायची. मराठी घरच्या पोरीही दोनशे वर्षांत ते शिकल्या होत्या. लग्न झालं की पहिल्या वर्षी माहेरी येऊन उद्यापन करायचं आणि संजेचा निरोप घ्यायचा, अशी रीत.

तर मासिक बघून दोघींनी ठरवलं की आपणही गोष्ट करायची. सोळा दिवसांची संजा, म्हणून सोळा कागद. एका कागदाला घडी घालून चार चौकटी. चित्रं अक्काची, अक्षर मीनाचं, कारण अक्काला वाचता कसंबसं यायचं, लिहिता नाही. हळद, काजळ, कपड्यांची नीळ, गेरू, वालाच्या पानांचा रस, असे घरचे रंग. लाल मात्र कुंकवाचा, आणि कुंकवाला अक्का हात लावत नसे. लाल जागा ती कोरी ठेवायची आणि मीनाला म्हणायची, भर तू. मीना जीभ बाहेर काढून भरायची.

गोष्ट अक्काच्या आईची, माईची. एक राजकन्या चेटकिणीला हसली. चेटकिणीनं तिला महालाच्या भिंतीवर चित्र करून ठेवली. दिवसभर चित्र, दिवेलागणीला मात्र ती भिंतीतून उतरायची, सगळं अंगण झाडायची, आणि पुन्हा भिंतीत जायची. पहिले चार दिवस महालातले लोक रडले, मग सवय झाली. अंगण फुकट झाडून निघत होतं, कुणाला नको होतं? हे वाक्य माईच्या गोष्टीत नव्हतं. ते अक्कानं घातलं, आणि मीनाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

भाद्रपदात माधव कचेरीतून आला तो खाली मान घालून. नवं राज्य होणार, मध्यप्रदेश. राजधानी भोपाळ. त्याच्या कचेरीचा तबादला झाला होता, दसऱ्यानंतर निघायचं. क्वार्टर एका खोलीचं. पुढचं वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं, तेव्हा अक्कानंच ते पुरं केलं. म्हणाली, एका खोलीत चार माणसं कशी राहतील, मी इथंच राहीन. रामघाटावरच्या यज्ञेश्वर गुरुजींकडे यात्रेकरूंच्या श्राद्धांच्या स्वयंपाकाला बाई हवी होती, चुलीमागे खोलीही होती. माधव म्हणाला, दोन खोल्यांचं मिळालं की लगेच बोलावतो. अक्का म्हणाली, बरं. आणि आत जाऊन उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

तेव्हापासून त्या सोळा कागदांचा खेळ राहिला नाही. अक्कानं मनाशी पक्कं केलं की पोर निघायच्या आत गोष्ट पुरी करायची आणि सुईनं शिवून तिच्या हातात द्यायची. भोपाळला तिला कुणी विचारलं, तुझी अक्का कशी होती गं, तर पोरीपाशी दाखवायला काहीतरी हवं. फोटो अक्काचा एकही नव्हता. बोडक्या बाईचा फोटो काढतं कोण? तिच्यामागे तिचं म्हणून जगात जे काही उरणार होतं, ते एवढंच, चौसष्ट चौकटी. शोभा सामान आवरत होती आणि अक्का खिडकीशी मान मोडून चौकटी भरत होती.

तेराव्या कागदावर गाडी अडली. माईच्या गोष्टीत आता घोड्यावरून राजपुत्र येतो, भिंतीवर अमृत शिंपडतो, आणि लग्न होतं. अक्कानं घोडा काढला. छान निघाला. त्यावर राजपुत्र काही बसेना. चार वेळा काढला, चारही वेळा खोडला. मीनानं विचारलं, तो का येत नाही? अक्का म्हणाली, नाही येत काही काही जणांचा. मग तिनं पोरीला आपल्या संजेची हकीगत सांगितली. याआधी कुणालाच सांगितली नव्हती.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष, उद्यापनाची संजा. अकराव्या दिवशीचं केळीचं झाड ती भिंतीवर लावत होती, हात गोबरानं भरलेले, आणि शाजापूरचा माणूस दारात आला. पुढचं काही तिला आठवत नव्हतं. एवढं आठवत होतं की केळीला दोन पानं लावायची राहिली. त्या संजेला कुणी हात लावला नाही. अमावस्येला ती नदीवर गेली नाही. दिवाळीला चुना मारणारे आले आणि त्यांनी वरूनच चुना मारला. माई म्हणायची, संजा घरात राहिली की पोर घरातच राहते. तसंच झालं, असं म्हणून अक्का हसली. मीना हसली नाही. ती चौकटीतल्या राजकन्येकडे टक लावून बघत होती. राजकन्येच्या कपाळावर अक्कानं वालाच्या रसानं हिरवा ठिपका दिला होता, सगळ्या कागदांवर, सवयीनं. अक्काच्या स्वतःच्या कपाळावर लहानपणीचं गोंदण होतं. कुंकू पुसता येतं, गोंदण पुसता येत नाही.

शेवटी अक्कानं राजपुत्राला रजा दिली. तिच्या गोष्टीत आली महालाच्या मुदपाकखान्यातली नऊ वर्षांची पोर, हातात उलथनं घेऊन. तिनं राजकन्येला भिंतीवरून अलगद सोडवली, टोपलीत घातली, नदीवर नेली आणि मागे वळून न बघता पाण्यात सोडली. आणि पाण्यातून जिवंत राजकन्या ओलेती उभी राहिली. पंधरा कागद झाले. सोळावा कोरा राहिला. आता तिथं काय घालायचं? संजा सोळा दिवसांची, कागद सोळाच हवेत. म्हणून अक्कानं एक अट घातली, निव्वळ कागद भरायला. राजकन्या वेस ओलांडेपर्यंत पोरीनं हे कुणालाही सांगायचं नाही. आधी सांगितलं तर राजकन्या पुन्हा भिंतीत. पहिल्या चौकटीत आई विचारते, पोर गप्प. दुसरीत राजा दरडावतो, पोर गप्प. तिसरीत पोरीला रडू येतं, तरी गप्प. चौथीत राजकन्या वेशीबाहेर पाऊल टाकते. मीनानं तिच्या लुगड्यात लाल भरलं आणि खाली 'समाप्त' लिहिलं. तो चतुर्दशीचा दिवस होता. कागद पत्र्याच्या डब्यात ठेवले, घटस्थापनेला चांगल्या मुहूर्तावर शिवायचे ठरवून.

अमावस्येला घरात श्राद्ध. सोवळं, वडे, खीर, कावळ्याची वाट बघणं, कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नव्हती. संध्याकाळी मीना आणि खालच्या मजल्यावरची विनोदिनी संजेची टोपली घेऊन रामघाटावर गेल्या आणि ओल्या पायांनी परत आल्या. मीना त्या दिवशी फार खुशीत होती. अक्काला वाटलं, श्राद्धाची खीर भरपूर झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसले. अक्कानं सुईत पांढरा दोरा ओवला, डबा उघडला, आणि डबा रिकामा.

आधी तिनं शांतपणे शोधलं. फडताळ, कोनाडा, गाद्यांची वळकटी. मग तिच्या लक्षात आलं की उरलेल्या जुन्या कागदांचं पोतं जागेवर नाही. शोभा म्हणाली, ते परवा रद्दीवाल्याला दिलं, सामान कमी करत होते ना. डब्याला मात्र मी हात लावला नाही, अक्का. तिनं हे दोनदा सांगितलं. पण अक्काच्या कानात रद्दी हा एकच शब्द शिरला होता. तो शिरल्यावर तिला पुढचं ऐकू येईना. तिनं शोभाची बांधून ठेवलेली पेटी सोडली. विचारलंसुद्धा नाही. फ्रॉक, चादरी, माधवचे कोट उपसत गेली, आणि तळाशी हाताला लागली तिची स्वतःची दोन पांढरी लुगडी. धुतलेली, घडी घातलेली, मध्ये कडुनिंबाचा पाला. शेजारी तिची घोंगडी आणि जपाची माळ, ती माळ ती दोन दिवस शोधत होती.

माणूस शांत असता तर त्यानं विचारलं असतं की माझी लुगडी तुमच्या पेटीत कशी? अक्का शांत नव्हती. तिला दिसलं ते एवढंच की तिचे कागद रद्दीत गेले आणि तिचं बोचकं तिच्या नकळत बांधून झालं.

"माझ्या कागदांची रद्दी केलीस, आता माझीही करतेस?" ती म्हणाली. "एवढी घाई झाली तुला मला घालवायची? बारा वर्षं तुझ्या हातात आयतं ताट दिलं, त्याची ही फेड. कोत्या मनाची गं तू, शोभा. पहिल्या दिवसापासून."

खिडक्या उघड्या होत्या. खाली नळावर चार बायका होत्या, त्या ऐकत होत्या, आणि अक्काला ते माहीत होतं. शोभाचा चेहरा पांढरा पडला. मीना दाराशी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अक्काला वाटलं, पुस्तकासाठी रडते आहे. शोभानं ती दोन लुगडी, घोंगडी आणि माळ उचलली, अक्काच्या चटईवर नेऊन ठेवली आणि पेटी पुन्हा लावायला बसली.

"बरं, अक्का," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी माधव आला. स्वयंपाकघराच्या दाराआड नवरा-बायको हलक्या आवाजात बोलले. मग माधव चहासुद्धा न घेता यज्ञेश्वर गुरुजींकडे जाऊन आला आणि खोलीचं नक्की झालं असं सांगून गेला. अक्काचा राग तोवर उतरला होता. राग तिचा नेहमी दिवे लागायच्या आत उतरायचा. कागद गेल्याचं दुःख होतंच, पण आपण जरा जास्त बोललो हेही तिला कळलं होतं. बारा वर्षं नांदलेल्या बाईला असं बोलतात का? तिनं पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, शोभाला आवडतात तशा शेवा. बशी नेऊन शोभापुढे ठेवली.

"नवरात्र बसलं, अक्का. माझा उपास आहे," शोभा म्हणाली.

खरंच होतं. उपासच होता. अक्का बशी घेऊन परत आली. तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. दोन शब्द बोलायचे होते, चुकलं गं माझं, बस्स. पण आयुष्यभर ते काम पोह्यांनी केलं होतं, जिभेला त्याची सवय नव्हती. नऊ दिवस ती शब्द जुळवत राहिली आणि नऊ दिवस शोभा तिच्याशी सुनेनं बोलावं तेवढं बोलत राहिली. मीनानं तर तिच्याशी कागदांचं नावच काढलं नाही. फक्त येता-जाता अक्काकडे बघायची, काहीतरी घडण्याची वाट बघत असल्यासारखी. अक्कानं तिला एकदा जवळ घेतलं आणि म्हणाली, जाऊ दे गं, मी पुन्हा काढीन. पण तिलाही ठाऊक होतं की पुन्हा काढायला दिवस नव्हते आणि कागदही नव्हता.

दसऱ्याला सोनं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा दाराशी आला. अक्का स्टेशनवर पोचवायला गेली. तिची गाठोडी सकाळीच रामघाटावर गेली होती.

भोपाळच्या गाडीला गर्दी होती. माधव सामान मोजत होता, शोभा खिडकीशी बसली होती. अक्कानं गाडीत दशम्यांचा डबा दिला, पाण्याचा तांब्या दिला, आणि खिडकीखाली गज धरून उभी राहिली. शोभाला आत्ता तरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीना आईच्या मांडीवरून पुढे वाकली. तिचे डोळे चमकत होते.

"अक्का, स्टेशन वेशीच्या बाहेर असतं ना?"

अक्का म्हणाली, हो, जुन्या वेशीच्या बाहेरच की.

"मग आता सांगू?" मीना म्हणाली. "तुझे कागद मी सोडले शिप्रेत. संजेच्या टोपलीत, खाली घालून. सोळाही. मागे वळून पाहिलं नाही. तुझी संजा भिंतीत राहिली होती ना, म्हणून तू घरात राहिलीस. राजकन्येच्या कपाळावर तुझं गोंदण होतं, मला कळलं होतं. आई तुझी लुगडी आमच्या पेटीत भरत होती. बाबांना रोज म्हणायची, अक्काला टाकून मी जाणार नाही, एका खोलीत राहू. बाबा हो म्हणाले होते. मी म्हटलं, सोडली की तू सुटशील. मी कुणालाही सांगितलं नाही, अक्का. तू आईला बोललीस तेव्हासुद्धा नाही. चढ ना आता."

 अक्कानं गज घट्ट धरला. पोरीनं तिचं सगळं काही नदीत टाकलं होतं, ते तिला सोडवायला, आणि तोंड दाबून उभी राहिली होती ती अक्कानंच घातलेल्या अटीसाठी. कागद भरायला घातलेली अट! आणि ती लुगडी घालवायला नाही, न्यायला बांधली होती. तिनं शोभाकडे पाहिलं. शोभा मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती. तिलाही कागदांचं हे आत्ताच कळत होतं. एक हाक मारायची होती. शोभा. एवढीच. अक्काच्या तोंडून ती निघाली नाही, आणि शोभानंही मान वर केली नाही. नळावरच्या चार बायकांसमोर लागलेलं ते असं घटकेत बुजत नाही. माधव दारात येऊन म्हणाला, अक्का, मागे हो, सुटतेय गाडी.

गाडीनं धक्का दिला. मीनानं खिडकीतून हात बाहेर काढला, अक्काचा पदर धरला, आणि अक्का काही चढत नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा बदलत गेला. पदर हातातून सुटला.

"म्हणजे मी लवकर सांगितलं का?" ती ओरडली.

अक्का धावली. छप्पन वर्षांची बाई, फलाटावर, डोक्यावरचा पदर पडलेला. नाही गं, नाही, असं ती म्हणत होती, पण शिट्टी झाली आणि गाडीचा खडखडाट वाढला. पोरीला ऐकू गेलं नाही, एवढं तिला लांबून दिसलं. मग फलाट संपला.

स्टेशनवरून ती चालत आली. फ्रीगंजमधला घड्याळाचा टॉवर कधी मागे पडला तिला कळलं नाही. रामघाटावर आल्यावर ती खालच्या पायरीवर बसली. पाण्यात काही असणार नव्हतं. हळद, नीळ, काजळ पाण्यात किती वेळ टिकणार? ती त्या रंगांसाठी रडलीच नाही. नऊ वर्षांची पोर आता भोपाळच्या वाटेवर बसून स्वतःलाच दोष देत असेल, आपण वेशीचा हिशेब चुकलो म्हणून अक्का भिंतीत गेली असं समजत असेल, या विचारानं तिचं काळीज फाटलं. पायरीवर बसून ती मोठ्यानं रडली. घाटावर पिंडदानाला आलेली माणसं होती, त्यांना वाटलं, हिचंही कुणी गेलेलं आहे.

कोजागरी झाली तरी माधवचा पत्ता येईना. अक्का गुरुजींकडे पंधरा-वीस पानांचा स्वयंपाक करायची आणि दुपारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. कुणाशी भांडली नाही. सब्जीवाली एक दिवस सडके टोमॅटो घालून गेली, तिलाही ती काही बोलली नाही, तेव्हा गुरुजींच्या बायकोला काळजी वाटली. मग एकदाचं कार्ड आलं. खुशाल पोचलो, पत्ता असा असा, मीनाचं नाव शाळेत घातलं, तिला दोन दिवस ताप होता. शोभाचा नमस्कार नव्हता.

अक्का त्याच दुपारी कोरं कार्ड घेऊन गुरुजींपुढे बसली. त्यांनी चष्मा लावला, वर श्री काढला आणि विचारलं, काय लिहू?

"मीनाला लिहा," अक्का म्हणाली. "पोरी, लवकर तू नाही बोललीस. मी बोलले."

गुरुजींनी लिहिलं आणि थांबले. यातून काही अर्थबोध होत नाही हो अक्का, असं म्हणाले.

"ज्यांना व्हायचा त्यांना होईल," ती म्हणाली. "आणि खाली लिहा, हे आईला वाचून दाखव."

त्यांनी ते लिहिलं. अर्ध्याहून जास्त कार्ड कोरं होतं. आणखी काही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अक्कानं मान हलवली आणि ती संध्याकाळच्या पानांचे तांदूळ निवडायला उठली.